सात कोरे दिवस

हॉस्पिटलच्या नवजात कक्षात बाळाच्या काचेच्या पेटीवरचा अलार्म वाजला तसा त्याने हात लांब करून बटण दाबलं आणि अलार्म बंद करून टाकला. या एका पराक्रमावर त्याची आणि सिस्टरची ओळख झाली.

"कोणी सांगितलं होतं बटण दाबायला?" दोन काचेच्या पेट्या ओलांडून ती तरातरा आली.

"आवाज होत होता… बाळ दचकेल म्हणून—"

"काम काय करता तुम्ही?"

"लिफ्ट दुरुस्त करतो."

"मग लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाने घंटा वाजवली, की तुम्ही आधी घंटाच काढून टाकता?"

त्याचं तोंड एवढंसं झालं. बाळाने लाथ मारून पायाची वायर काढून टाकली होती, बाकी स्वारी मजेत होती. वायर पुन्हा लावता लावता सिस्टर म्हणाली, "आधी बाळाकडे बघायचं. ओठ गुलाबी आहेत का, छाती हलतेय का. मशीनचं नंतर." तो "हो" म्हणाला खरा, पण बघत होता तिच्याकडेच.

बाळ बारा आठवडे आधी आलेलं, जेमतेम नऊशे ग्रॅमचं. म्हणून सगळे तिला छटाक म्हणायचे. वडील जहाजावर नोकरीला. आई सकाळपासून पेटीशी बसून असायची. दुपारी तिला दामटून घरी झोपायला पाठवायचे, आणि संध्याकाळी ड्यूटी त्याची, म्हणजे मामाची. दुधाच्या बाटल्या द्यायच्या, कोपरापर्यंत हात धुवायचे, शर्टाची बटणं सोडून खुर्चीत रेलायचं आणि छटाकला उघड्या छातीवर घेऊन दोन तास हलायचं नाही. असल्या बाळांना माणसाच्या उबेइतकं काही मानवत नाही.

पहिल्या दिवशी बटणं सोडताना तो कानापर्यंत लाल झाला.

"लाजताय काय? इथे रोज किती बाप असे बसतात."

"त्यांचं बरंय. मी बिनलग्नाचा मामा आहे."

"अहो, चौकशी केली का मी?"

"नाही… पण कळलेलं बरं."

सिस्टर वळून औषधांचा ट्रे लावू लागली. ट्रे आधीच लावलेला होता.

आठवडे जात राहिले. छटाक किलोची झाली, दीड किलोची झाली, पेटीतून उघड्या पाळण्यात आली. संध्याकाळी पाच वाजले की सिस्टरचे डोळे दाराकडे जायचे, आणि ते मोठ्या सिस्टरांच्या नजरेतून सुटायचं नाही.

"मामा, आज दहा मिनिटं उशीर," ती म्हणायची.

"तुम्ही तरी मामा म्हणू नका हो. तुम्ही मला मामा, मी तुम्हाला सिस्टर… अशाने पुढे कसं व्हायचं?"

"पुढे काही व्हायचं नाहीये," ती करड्या आवाजात म्हणाली. मग जरा थांबून, चादर सारखी करत, "बाळ इथे आहे तोवर मी तिची सिस्टर. त्यापलीकडे एक शब्द नको."

"आणि बाळ घरी गेल्यावर?"

तिने चादरीची दुसरी बाजू ओढून घेतली. घरी गेलेल्या बाळांचे मामा परत येत नाहीत, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

घरी जायचा नियम साधा होता. अशी बाळं मधेच श्वास घ्यायला विसरतात. सलग सात दिवस बाळ एकदाही विसरलं नाही, तक्त्यावरचे सात रकाने कोरे राहिले, की सुट्टी. एकदा जरी विसरलं, तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

सहा रकाने कोरे झाले. आईने घरी पाळणा बांधला. सातव्या दिवसाची संध्याकाळ, छटाक मामाच्या छातीवर, आणि सिस्टर तीन पावलांवर दूध मोजत होती. इतक्यात त्याचा आवाज आला, "सिस्टर… आत्ता थांबली होती. ओठ निळसर झाले. मी पाठ चोळली तेव्हा श्वास घेतला."

मशीनला कळायच्या आत श्वास परत आला होता, अलार्म वाजलाच नव्हता. तो गप्प बसला असता तर कोणाला कळलंही नसतं.

सिस्टरने बाळ तपासलं. ओठ पुन्हा गुलाबी, छाती तालात. मग तिने त्याच्याकडे रोखून बघितलं. "खरंच थांबली होती? की… आणखी सात दिवस यायला मिळावं म्हणून?"

त्याने मान वर करून सरळ तिच्याकडे बघितलं. "तुमच्यासाठी मी काय वाटेल ते करीन. पण हिच्या श्वासावर खोटं बोलणार नाही."

तिचा चेहरा उतरला. तिने रकान्यात वेळ लिहिली, डॉक्टरांना कळवलं आणि परत येऊन त्याच्या खुर्चीशी उभी राहिली.

"खोटी मीच आहे," ती हळूच म्हणाली. "तुम्ही सांगितलंत ना… तेव्हा क्षणभर मला बरं वाटलं. बाळ बरंय हे दिसलं आणि लगेच मनात आलं, आणखी सात दिवस. मला माझीच लाज वाटली."

त्याने छटाकच्या पाठीवरचा हात सारखा केला. "मलाही वाटलं," तो म्हणाला. "म्हणून तर पटकन सांगून टाकलं. मनात हिशेब सुरू व्हायच्या आत."

दोघं एकदमच हसले, आणि छातीवरच्या छटाकने वैतागून नाक मुरडलं.

पुढचे सात दिवस दोघांनी एकेक रकाना कोरा राहावा म्हणून जिवाचं रान केलं. तो उशिरा आला नाही, ती चिडवायला विसरली नाही, पण त्यापलीकडे एक शब्द नाही. आठव्या दिवशी दुपारी डॉक्टरांनी सही केली. आईने छटाकला दुपट्यात गुंडाळलं, सिस्टरला घट्ट मिठी मारली आणि म्हणाली, "आमचं बाळ आम्ही नेतोय. भाऊ इथेच ठेवून घेतलात तरी चालेल."

भावाने मान खाली घालून बॅगा उचलल्या. दार बंद झालं. सिस्टर रिकाम्या पाळण्यावरची चादर बदलायला लागली. एका कोपऱ्याची घडी तीनदा घातली तरी नीट बसेना.

दार पुन्हा उघडलं. तो धापा टाकत उंबऱ्याशीच थांबला. आत यायला त्याला आता परवानगी नव्हती.

"त्यांना गाडीत बसवून आलो," तो म्हणाला. "आता इथे माझं कोणीही ॲडमिट नाही. बोलू का?"

पाठीमागून मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "अगं, जा की! मी आहे इथे."

तिने चादर तशीच टाकली आणि दाराबाहेर पाऊल ठेवलं. "तुम्ही बोलाल तेव्हा बोला," ती म्हणाली. "माझं उत्तर हो आहे."