‘जमा करा’पाशी थांबलेला बाण

लेकरांनो, जरा डोळ्यांसमोर एक खोली आणा.

पत्र्याची खोली. समोर हिंगोलीचा रस्ता, मागं आमच्या शेजारणीच्या, द्वारकाबाईंच्या शेळ्या. खोलीत एक टेबल. टेबलावर पाठ फुगलेला जुना कॉम्प्युटर. आणि खुर्ची एकच. तिच्या अर्ध्या भागात आई बसलेली, उरलेल्या अर्ध्यात तिची नुकतीच पहिली पास झालेली पोरगी.

आणली?

आता त्या खोलीत मे महिन्याची दुपार भरा. पत्रा तापून तडतडतोय. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही.

हो, दुपारच. भुतं रात्रीच येतात असं ज्यानं कुणी सांगितलं, त्यानं आमच्याकडची मे महिन्याची दुपार बघितलेली नाही.

ही गोष्ट दोन हजार पाच सालची. खरी आहे. मी आयुष्यभर मास्तरकी केली. शिरड शहापूर, पुसेगाव, कनेरगाव नाका... जिथं बदली झाली तिथं पोरांना एक गोष्ट हमखास शिकवली. भूत नसतं. आवाज आला तर घाबरू नका, कशाचा आहे ते जाऊन बघा. आमच्या घरातही तीच शिकवण.

म्हणूनच हे लिहिताना माझा मलाच राग येतो.

कारण मी जाऊन बघितलं. नीट बघितलं. आणि तरी मला उत्तर सापडलं नाही.

ती आई म्हणजे माझी लेक पल्लवी. मुलगी म्हणजे माझी नात ऐश्वर्या. जावई बुद्धभूषण फौजेत, तेव्हा पार सरहद्दीवर.

पल्लवीनं कॉम्प्युटरचं शिक्षण घेतलं होतं. एका संस्थेला मुलींच्या वसतिगृहाचे अर्ज वेबवरून भरून घ्यायचे होते. ते काम तिला मिळालं. तिनं फॉर्म बनवला. मुलीचं नाव, गाव, इयत्ता, पालकाचं नाव. आणि सगळ्यात खाली एक हिरवं बटण... ‘जमा करा’.

काम पसंत पडलं तर संस्थेत कायमची नोकरी. इथंच, हिंगोलीत.

नाही पडलं तर पुणे. तिथं मैत्रिणीनं जागा बघून ठेवली होती. म्हणजे पल्लवी पुण्याला, आणि लेकरू माझ्याजवळ, आईविना.

हे बोलणं ऐश्वर्यानं दाराआडून ऐकलं. तेव्हापासून तिनं आईच्या खुर्चीतली ती अर्धी जागा सोडली नाही. जेवायचं ताटही तिथंच.

संस्थेची एक अट होती. आधीच्या सगळ्या वर्षांचे कागदी अर्जही या नव्या फॉर्ममधून चढवलेले पाहिजेत. हातानं भरायचे म्हटलं तर सुट्टी संपली असती. म्हणून पल्लवीनं एक प्रोग्राम आणला.

तो कसा चालतो, सांगतो. फॉर्म आपण एकदा भरून दाखवायचा. माउस कुठं नेला, कोणती कळ दाबली, हे सगळं तो लक्षात ठेवतो. मग आपण हात मांडीवर ठेवायचे. पडद्यावरचा बाण आपोआप सरकतो, अक्षरं आपोआप उमटतात. एक अर्ज झाला की संस्थेनं फाइलमध्ये दिलेल्या यादीतला दुसरा.

ऐश्वर्या पहिल्यांदा बघून ओरडलीच. “आई, कोण लिहून राहिलं?”

“माझा बिनपगारी नोकर,” पल्लवी हसली. “बघ, तुझ्यासारखा रडत न्हाई का जेवाया मागत न्हाई.”

दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थेची माणसं बघायला येणार होती.

आणि आदल्या दुपारी तो नोकर अडला.

नाव भरलं. गाव भरलं. इयत्ता भरली. पालकाचं नाव भरलं. बाण खाली आला... हिरव्या बटणाच्या अलीकडे, कोऱ्या जागेत... आणि थांबला.

टक... टक...

पुढं काही नाही.

“च्यायला,” पल्लवी म्हणाली, आणि माझ्याकडे बघून तिनं जीभ चावली.

तिनं सगळं थांबवून पहिल्यापासून सुरू केलं. बाण पुन्हा तिथंच थांबला. वैतागून तिनं स्वतःच ‘जमा करा’ दाबलं, तर भरलेला फॉर्म पाटी पुसावी तसा कोरा झाला. आणि तेच नाव पहिल्यापासून उमटायला लागलं.

पल्लवीनं काय नाही केलं? आधीचं दाखवलेलं पुसून टाकलं आणि फॉर्म नव्यानं भरून दाखवला. बटण मोठं केलं, मग डावीकडं नेलं. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. प्रोग्रामनं लक्षात ठेवलेली एकेक पायरी तिनं उघडून वाचली. त्यात कोऱ्या जागेत थांबणं नव्हतंच. नाव, गाव, इयत्ता, पालक, बटण. सरळ.

“मी शिकवलंच न्हाई तर हे काहून थांबून राहिलं, बाबा?” तिच्या कपाळावरून घाम गळत होता. “म्या काय घोडं मारलं याचं?”

“एकदा शांतपणानं बघ बाळा, चूक सापडते.” माझं नेहमीचं वाक्य.

“चूक असली तर सापडंल ना!”

शेवटी तिनं कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या हिरासिंगला बोलावलं. भला माणूस. आला, मशीनचं झाकण उघडलं, आतली धूळ फुंकली, झाकण लावलं.

“ताई, मशीन तो बराबर है. तुमच्या प्रोग्रामलाच तकलीफ है. ऊन लागलं असंल त्याला, कांदा फोडून ठेवा.”

“हिरासिंगभाऊ, मस्करी नका करू. उद्या माणसं येणारेत.”

“अच्छा, मग माउस खराब. तोच टकटक करतोय.” असं म्हणून त्यानं माउसची वायर उपसली आणि माउस हातात धरला. “चलाव अब.”

पल्लवीनं कळ दाबून प्रोग्राम सुरू केला. नाव. गाव. इयत्ता. पालक. बाण खाली आला... थांबला.

टक... टक...

हिरासिंगनं हातातल्या माउसकडे बघितलं. मग माझ्याकडे.

आता इथं एक गोष्ट समजून घ्या. प्रोग्राम बाण हलवतो, तेव्हा माउस जागचा हलत नाही. त्याचा आवाज व्हायचं काही कारणच नाही. आणि तो माउस तर आता हिरासिंगच्या मुठीत होता.

“गुरुजी... मी जरा दुकान बघून येतो.” माउस टेबलावर ठेवून तो गेला. चपला पायात न घालता, हातात घेऊन.

तेव्हा एक गोष्ट माझ्या ध्यानात आली.

मागच्या शेळ्या ओरडत नव्हत्या.

दुपारभर द्वारकाबाईंच्या शेळ्यांचा गलका असायचा. कान किटायचे. आता एकही आवाज नाही. मी खिडकीतून बघितलं. सगळ्या शेळ्या उभ्या होत्या. तोंडं आमच्या खोलीकडे.

आणि मग मी खिडकीपासून मागं वळलो. कारण तो आवाज कशाचा आहे, ते मला कळलं.

तो प्लास्टिकचा आवाज नव्हता.

पाटीवर पेन्सिल वाजवल्याचा होता.

माझ्या शाळेत एका खोलीत दोन-तीन वर्ग बसायचे. सगळी पोरं एकदम “गुरुजी, गुरुजी” ओरडली तर कुणाचंच ऐकू येत नाही. म्हणून मी एक सवय लावली होती. ज्याचं लिहून झालं त्यानं ओरडायचं नाही. पाटीवर पेन्सिल दोनदा वाजवायची, टक टक, आणि वाट बघायची. मग मी जाऊन तपासायचो, पाटीच्या कोपऱ्यात खडूनं बरोबरची खूण करायचो. ती खूण मिळाली की पाटी पुसायची आणि पुढचं लिहायचं. खूण मिळाल्याशिवाय पोरं जागची उठत नसत. मधली सुट्टी झाली तरी बसून राहायची. मी सक्ती केली नव्हती, त्यांनाच ती खूण हवी असायची.

ऐश्वर्यालाही मी घरी तसंच शिकवत होतो.

तीच म्हणाली. अगदी सहज.

“आजोबा, त्याचं लिहून झालंय ना. तपासा की.”

“कुणाचं ग?” पल्लवी खेकसली.

“त्याचं.” ऐश्वर्यानं पडद्याकडे बोट केलं. “कवाचं पाटी वाजवून राहिलंय.”

मी घसा खाकरला. लेकीसमोर लाज वाटत होती, तरी मोठ्यानं म्हणालो, “शाबास. बरोबर आहे.”

काही झालं नाही.

टक... टक...

“बाबा, तुमीसुद्धा?” पल्लवीच्या डोळ्यांत पाणी आलं. “जन्मभर आमाला सांगितलं भूत नसतं म्हणून. आता माझी नोकरी जायची वेळ आली अन् तुमी पडद्याला शाबास म्हणून राहिले? जाऊ द्या. न्हाई व्हायचं हे. मी पुण्याला कळवते.”

ऐश्वर्यानं आईचा पदर मुठीत धरला.

आणि तेवढ्यात लाईट गेली.

पंखा फिरत फिरत थांबला. लाईट गेल्यावर कॉम्प्युटर चालू ठेवणारा बॅटरीचा डबा एकदा चिरकला आणि तोही बसला. पडदा काळा झाला. काळाभोर... पाटीसारखा.

चला, निदान आवाज तरी थांबला, असं मला वाटलं.

टक... टक...

बंद कॉम्प्युटरमधून.

पल्लवी उठून माझ्यापाशी आली. ती माझ्या मागं उभी राहिली आहे, हे मला तिच्या श्वासावरून कळत होतं. फळीवर माझा खडूचा डबा होता. दोन पावलांवर. हात पुढं करून एक खूण करायची, बस. एवढी वर्षं दिवसभर तेच केलं होतं मी.

पण हात उचलेना.

ऐश्वर्या उठली. डब्यातून खडू घेतला. खुर्चीवर गुडघे टेकून चढली, त्या काळ्या काचेला तोंड लावून काहीतरी कुजबुजली. मग काचेच्या कोपऱ्यात, मी तिच्या पाटीवर करायचो अगदी तशी, बरोबरची खूण केली.

“झालं,” ती म्हणाली. “आता दुसरं घे.”

कुणीच हललं नाही.

मग मागं एक शेळी ओरडली. मग दुसरी. मग सगळ्याच.

लाईट यायला बराच वेळ गेला. पडदा उजळला तेव्हा मी आधी काचेचा कोपरा बघितला. कोरा होता. खडूचा कणसुद्धा नाही. आमच्यापैकी कुणीही त्या काचेला हात लावला नव्हता.

पाटी तपासून मिळाली की लेकरं काय करतात, ते मी वर सांगितलंच आहे.

पल्लवीनं प्रोग्राम सुरू केला. नाव, गाव, इयत्ता, पालक... बाण खाली आला, न थांबता हिरव्या बटणावर गेला. अर्ज जमा. दुसरा अर्ज. तिसरा. दिवेलागणीच्या आत सगळे अर्ज चढले.

सकाळी संस्थेची माणसं आली. बघितलं, माना डोलावल्या, चहा घेतला. “ताई, एक तारखेपासून या,” म्हणाले. पल्लवी पुण्याला गेली नाही.

ती म्हणते, प्रोग्रामच कच्चा होता, उन्हानं मशीन तापलं होतं. शिकलेली आहे, तिनं असंच म्हणावं. मीही तसंच म्हणून बघतो. पण मग वायर उपसल्यावरचा आवाज? त्या शेळ्या? कोरी काच? प्रत्येक वेळी गणित अर्ध्यावर येऊन अडतं आणि मी चिडून उठतो.

ते कोण होतं? माझ्या वर्गात टक टक वाजवणारी पोरं किती होती, त्याला गणती नाही. एकेक गाव, एकेक बाक आठवत बसतो. कुणाचा चेहरा समोर येत नाही. आणि माझ्याच वर्गातलं होतं कशावरून? हेही मला सांगता येत नाही. मास्तरला उत्तर येत नसलं की फार तकलीफ होते, लेकरांनो.

पण माझी झोप उडाली ती यामुळं नाही. उडाली ती त्यानंतरच्या गोष्टीनं.

संस्थेची माणसं गेली त्या दुपारी मी ऐश्वर्याला जवळ घेऊन विचारलं, “काल तू काचेला तोंड लावून काय म्हणालीस ग?”

“मी त्याला म्हणलं, माझ्या आईला जाऊ देऊ नको. मग मी रोज तुझी पाटी तपासीन.”

“अन् ते काय म्हणालं?”

तिनं नुसती मान हलवली. व्हय म्हणाल्यासारखी.

मी पुढं काही विचारणार, तेवढ्यात मागच्या शेळ्या एकदम गप्प झाल्या.

कॉम्प्युटर बंद होता. पल्लवीनं वायरसुद्धा भिंतीतून काढून ठेवली होती.

टक... टक...

“आले, आले,” असं म्हणत ऐश्वर्या माझ्या मांडीवरून उतरली. खडू घेतला. काळ्या काचेच्या कोपऱ्यात खूण केली. मग खुर्चीत बसली... पूर्ण खुर्ची मोकळी असताना एका कडेला सरकून, अर्ध्याच जागेत.

आपली पाटी काढली. त्यावर काहीतरी लिहिलं. ती पाटी तिनं माझ्याकडे आणली नाही.

शेजारच्या रिकाम्या अर्ध्या जागेपुढं ठेवली, पेन्सिल दोनदा वाजवली... आणि वाट बघत बसली.