वुलमारचा खालचा ठसा

ॲग्नेस थर्कटलला नाण्यांतलं काय कळणार, असं संग्रहालयातले साहेब एकेकाळी हसत म्हणायचे. पुढे तेच साहेब खिशात नाणी घेऊन तिच्या स्वयंपाकघरात येऊ लागले. बाईने जन्मभर शाळेच्या मुदपाकखान्यात बटाटे उकडले, पण आठशे वर्षांपूर्वीची, हातोड्याने पाडलेली चांदीची पेनी भिंगाखाली धरली की राजाच्या कानाशेजारचे कुरळे केस मोजून ती कुठल्या सालातली ते सांगायची. साहेब तिचा चहा प्यायचे, सगळं लिहून घ्यायचे आणि छापताना स्वतःचं नाव घालायचे. हे तिला फार सलायचं. बोलायची मात्र नाही.

नोव्हेंबरातल्या एका सोमवारी विल्फने तिच्यापुढे ओल्या कापसाची पुडी ठेवली. विल्फ तिचा थोरला भाऊ. बायको गेल्यापासून तो बहिणीकडेच राहायचा. इंग्लंडातल्या नॉरफक परगण्यातली बिटं काढून झाली की शेतमालकाला विचारून मेटल डिटेक्टर घ्यायचा आणि दिवसभर चिखल तुडवायचा. माणूस गुणी, खोड एकच. सापडलेलं नाणं अंगठ्याने चोळायचा. ॲग्नेस त्याला दरवेळी फैलावर घ्यायची, की मातीत वाळू असते, तू राजाचं नाक घासून काढतोयस. तो मान डोलवायचा आणि पुढच्या वेळी पुन्हा चोळायचा.

तिने पेनी पाण्यात सोडली, चिमट्याने उचलली, खिडकीच्या उजेडात धरली. पुढे राजाचा चेहरा, मागे क्रूस आणि क्रूसाभोवती नाणं पाडणाऱ्याचं नाव आणि त्याचं गाव. त्या काळी प्रत्येक पेनीवर ती पाडणाऱ्याचं नाव असे, म्हणजे चांदीत खोट निघाली तर कुणाचा हात तोडायचा ते राजाला कळे. इथे नाव होतं वुलमार. गावाची अक्षरं पुसट होती. तिने नाणी पाडणाऱ्यांच्या सगळ्या छापील याद्या चाळल्या. वुलमार कुठेच नव्हता.

तिने वही काढून पहिली नोंद केली. वसंतात नवी यादी छापली जाणार होती. त्यात हा प्रकार गेला असता, तर शोधणारी म्हणून तिचंच नाव लागलं असतं. फक्त गाव कळायला हवं होतं.

"अजून एखादी मिळते का बघ," ती विल्फला म्हणाली.

दुसरी गुरुवारी मिळाली. त्याच ठशाची, तोच वुलमार. गाव याही वेळी पुसट. फक्त राजाच्या उजव्या कानाजवळ केसाएवढी बारीक, वर उठलेली एक रेघ होती. ॲग्नेसला त्यात नवल वाटलं नाही. ठशाला तडा गेला की त्या फटीत चांदी शिरते आणि नाण्यावर रेघ उठते. ठोके बसत जातात तसा तडा वाढतो, रेघही वाढते. त्यावरून कुठली पेनी आधीची आणि कुठली नंतरची हे बिनचूक लावता येतं.

पुढच्या आठवड्यात मिळालेल्या तिसरीवर रेघ गालापर्यंत आली होती. चौथीवर गालफडाखाली तिला एक फाटा फुटला होता.

तेव्हा मात्र ॲग्नेसने भिंग खाली ठेवलं. आठशे वर्षं नांगराने ती जमीन उलथीपालथी केलेली. त्यात विखुरलेली नाणी ज्या क्रमाने पाडली नेमकी त्याच क्रमाने सापडावीत, हे काही तिच्या बुद्धीला पटेना. योगायोग म्हणावा तर किती वेळा म्हणणार?

विल्फला याचं काही नव्हतं. तो टोस्टला लोणी लावत होता. ठसे कसे असत, असं त्याने विचारलं. तिने सांगितलं, खालचा ठसा ओंडक्यात रोवलेला, त्यावर राजाचा चेहरा. वरचा हातात धरायचा, त्यावर नाव आणि क्रूस. मध्ये चांदीची चकती ठेवून वरून हातोडा हाणायचा. मार वरचा खातो, म्हणून आधी वरचा मोडतो.

"इथे उलटं आहे," ती म्हणाली. "वुलमारचा वरचा ठसा कोरा करकरीत आहे. फुटतोय तो चेहरा."

"आणि चेहरा पुरता फुटला की?"

"भंगारात. वरचा चांगला असेल तर खाली नवा चेहरा कोरून बसवायचा. काम थांबत नाही."

विल्फने गाल खाजवला. तेव्हा तिला ती दिसली. त्याच्या उजव्या कानापासून गालावर उतरलेली रेघ.

"हे काय लागलं रे?"

"बिटाचा पाला लागला असेल. दुखत नाही गं."

ओरखडा खोल असतो. ही रेघ उंच होती. तिने बोट फिरवलं तर कातडीखाली दोरा असावा तशी लागली. डॉक्टरांनी मलम दिलं. रेघ तशीच राहिली.

पाचवी पेनी त्या शनिवारी आली. रेघ राजाच्या डोळ्याच्या कडेला टेकली होती.

ॲग्नेसने भावाला खिडकीपाशी बसवलं, त्याची हनुवटी वर केली आणि तेच भिंग त्याच्या गालावर धरलं. गालफडाखाली फाटा होता. तो किती लांब, कुठल्या बाजूला वळलेला, हे तिला न बघताही ठाऊक होतं. रेघ त्याच्याही डोळ्याच्या कडेला येऊन थांबली होती.

"काय बाई, मी कुठल्या सालातला?" विल्फने हसून विचारलं.

तिला हसू येईना. तिने पाचही पेन्या रांगेने लावून दाखवल्या. त्याने त्या पाहिल्या, मग आरशात पाहिलं, पुन्हा पेन्यांकडे वळला.

"गाव कळलं का गं?" शेवटी त्याने विचारलं.

"पहिली दोन अक्षरं कळलीत."

"म्हणजे अजून एक लागणार. उद्या जाऊ?"

नको म्हणायचं होतं. शब्द जिभेवर आला होता. पण वसंतातली ती यादी तिच्या डोळ्यांपुढे होती, त्यातलं आपलं नावही होतं.

"पाऊस नसला तर जा," ती म्हणाली.

रविवारी स्वच्छ ऊन पडलं. तो बुटांच्या नाड्या बांधत होता, तेव्हा ती अंडी उकडत पाठमोरी उभी होती. दार लागलं. अंडी कडक होईपर्यंत ती तशीच उभी राहिली.

अकरा वाजता शेतमालक कॅचपोल आला. त्याची टोपी हातात होती.

विल्फ सरीत पालथा पडला होता. मेंदूतली शीर फुटली, डॉक्टर म्हणाले. कळलंही नसेल त्याला.

रेघ डोळ्यावरून आरपार हनुवटीपर्यंत गेली होती.

उजवी मूठ घट्ट मिटलेली. ती तिने स्वतः उघडली, एकेक बोट करून.

घरी आल्यावर तिने कोट काढला नाही. पेनी धुतली, खिडकीपाशी नेली. मागची बाजू आधी पाहिली. तोच वरचा ठसा, तोच वुलमार. गावाचं नाव पहिल्यापासून शेवटच्या अक्षरापर्यंत स्वच्छ.

मग ती रडली. बराच वेळ रडली.

डोळे पुसून तिने पेनी उलटली.

रेघ नव्हती. चेहरा दुसराच होता.

मुकुट होता, राजदंड होता, कानाशेजारी कुरळे केस होते. त्या काळच्या पेनीवर राजाला दाढी असतेच, बारीक टिंबांची. ती शोधत राहिली. भिंग पुसलं, पुन्हा शोधली. हनुवटी गुळगुळीत होती, बाईमाणसाची असते तशी.

वही उघडीच होती. पाचव्या नोंदीखाली तिने सवयीने, सावकाश लिहिलं: सहावी. वरचा ठसा तोच. खालचा नवा. दाढी नाही. तडा अजून नाही.