हा घास सोनूचा

खोटं वाटत असेल तर इथूनच परत फिरा. मला कोणाला पटवायचं नाही. जे घडलं ते माझ्या घरात घडलं, आणि अजून संपलेलं नाही.

मागच्या दिवाळीनंतरचा शनिवार. उमरखेड तालुक्यात, ढाणकीच्या पुढे, पैनगंगेच्या काठाला एक कॉटेज भाड्याने मिळते. स्वयंपाक आपला आपण करायचा. मी, बायको समीक्षा आणि आमची पाच वर्षांची सोनू, असे गेलो होतो.

माझं यवतमाळला इलेक्ट्रिकचं दुकान आहे. भुताखेतांना मी कधी भीक घातली नाही.

कॉटेज नवीकोरी. चूल मात्र जुनी. मालक रूपसिंग जवळच्या बंजारा तांड्यातला. त्याचं जुनं घर इथंच होतं. घर पाडलं, पण आजा-पणजाची चूल मोडायला मन धजलं नाही. तिच्याभोवतीच नव्या भिंती उभ्या केल्या.

"गॅस हाये. पन चुलीवर रांधलं तर पयला घास चुलीत टाकजा, ताई," तो समीक्षाला म्हणाला. "आमची रीत हाये."

एवढंच म्हणाला.

दिवेलागणीला चुलीवरच भाकरी आणि वांग्याचं भरीत झालं. सोनूची जेवायची नाटकं नेहमीचीच. तिला हसवायला समीक्षाने पहिला घास उचलला आणि रोजच्या 'हा घास चिऊचा'च्या खेळासारखा चुलीत टाकला.

"बघ, चूलबाई पन जेवते. हा घास सोनूचा..."

जाळ एकदम बसला.

बाहेरचे रातकिडे थांबले. कुत्रंही भुंकेना.

आणि चुलीतून... चघळल्याचा आवाज आला. सावकाश. बोळकं तोंड भाकरी चघळतं तसा.

"लाकूड ओलं असन," मी म्हणालो. माझाच आवाज मला परका वाटला.

समीक्षाने दुसरा घास सोनूपुढे धरला. पोरीने तोंड फिरवलं.

"माहं जेवून झालं."

घरी आल्यावरही तेच. ताट वाढलं की... "माहं जेवून झालं." दूध नको, चॉकलेट नको. बळेच भरवलं तर तसंच बाहेर. दवाखान्यात सलाईन लावलं. रिपोर्ट सगळे चांगले. पोरीचे गाल बसले, फ्रॉक खांद्यावरून घसरायला लागला. मी दुकान बंद करून नुसता तिच्या तोंडाकडे बघत बसायचो. दिसेल त्या देवापुढे डोकं टेकवलं. खूप भ्यालो होतो मी.

आणि रोज दिवेलागणीला, आमच्या गॅसच्या शेगडीजवळ... कोणीतरी चघळत असायचं.

शेवटी परत कॉटेजवर गेलो. रूपसिंगने त्याच्या म्हाताऱ्या आईला, रुपीबाईला, बोलावून आणलं. तिने समीक्षाकडून सगळं ऐकलं आणि कपाळ धरून खाली बसली.

"तो घास आमी गेलेल्यायचं नाव घेऊन टाकतो, बाई. जित्या लेकराचं नाव काहून घेतलं?"

मी तिचे पाय धरले. "आजी, काही पन सांगा. मी करतो."

"ती त्यायच्या पंगतीत बसली, बापू. तिले उठवाचं तर तिच्या जागी दुसऱ्याले बसा लागते." मग तिने पदर तोंडाला लावला. "मी काही सांगतलं नाही."

मी बसणार, हे मी तेव्हाच ठरवलं. सोनूने बघू नये म्हणून तिला उचलून गाडीत ठेवलं, काच लावली आणि परत आत आलो.

चूल पेटलेली होती.

समीक्षा हात धूत होती. "काही नाही," ती म्हणाली. "गूळ टाकला. माफी मागतली. चला आता."

ढाणकीत पोचलो तर मागून आवाज आला. "बाबा, भूक लागली."

हॉटेलात सोनूने दोन प्लेट पोहे खाल्ले. मी चार लोकांत ढसाढसा रडलो. कोणी बघतंय याची लाज नव्हती.

मग समीक्षाच्या प्लेटकडे लक्ष गेलं. पोहे तसेच होते.

"खा ना."

तिने माझ्याकडे पाहिलं...

"माहं जेवून झालं."

तिच्या बोटांना अजून राख होती.

आता तिला उठून बसायला आधार लागतो. आज मी दोघींना समीक्षाच्या माहेरी सोडलं. दुकानाचा माल आणायला जातो म्हणून सांगितलं. हे लिहितोय तेव्हा गाडी ढाणकीच्या पुढे उभी आहे आणि रूपसिंग किल्ली घेऊन येतो आहे.

भाकरी मी घरूनच बांधून आणली आहे.