गोड वासाचं निदान

जगात जे काही मोठं घडलं ते उष्णतेनं घडवलं. डोंगर वर आले, बेटं बुडाली, सिंहासनं उलथली, माणूस गुहेबाहेर पडून शहाणा झाला – सगळ्याच्या मुळाशी उष्णता. त्या सोमवारी सकाळी साडेदहाला तिनं पुन्हा एकदा इतिहास घडवायचं मनावर घेतलं आणि चढाच्या तिसऱ्या वळणावर एका बावीस वर्षांच्या राखाडी गाडीच्या बॉनेटमधून वाफ काढली.

गाडीत वजनमापांचा निरीक्षक होता. दुकानादुकानांतून जाऊन तराजू तपासायचे, हे त्याचं काम. तो दारात दिसला की भल्याभल्या दुकानदारांची पाचावर धारण बसे. त्याची स्वतःची मात्र गाडीचा काटा लाल रेघेला टेकला की बसे. तो खाली उतरला, बॉनेट उघडलं, हाताला रुमाल गुंडाळला आणि रेडिएटरच्या झाकणाकडे...

"हात काढा!"

आवाज जमिनीतून आल्यासारखा आला. समोरच्या गॅरेजात एका ट्रकखालून चाकांच्या फळीवर पाठ टेकलेली एक मुलगी सरकत बाहेर आली. हातात पाना, कपाळावर घाम.

"ते झाकण उघडलंत तर आतलं उकळतं पाणी थेट तोंडावर येईल. मग घरचेसुद्धा ओळख विचारतील."

"मी नुसतं बघत होतो."

"बघायला रुमाल लागतो?"

निरीक्षकानं रुमाल खिशात घातला. गाडी थंड होईपर्यंत थांबणं आलं. दोघं जुन्या टायरांवर बसली. तिनं मनगटानं नाक पुसलं आणि नाकापासून गालापर्यंत ग्रीसची रेघ उमटली... अंदाजे चार सेंटिमीटर. निरीक्षकाच्या छातीत काहीतरी प्रमाणाबाहेर हललं.

"पाणी किती घालावं लागतं?" तिनं विचारलं.

"गेल्या सात दिवसांत सहाशे वीस मिलीलीटर."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. "लोक सांगतात, थोडंसं."

"थोडंसं हे माप नाही."

ती हसली. डोकं मागे टाकून, टायरवरून पडेल इतकं. तिथेच निरीक्षकाचा निकाल लागला.

*

त्यानंतरच्या दोन आठवड्यांत गाडी पाच वेळा आली. तिनं झाकण बदललं. जुन्याचं रबर वाळून कडक झालं होतं. पाइप दाबून पाहिले, पंखा फिरतोय की नाही ते पाहिलं, थर्मोस्टॅट काढून गरम पाण्याच्या भांड्यात टाकला. तो वेळेवर उघडला, शहाण्या मुलासारखा. पाणी तरीही जातच होतं. गाडीखाली वर्तमानपत्र पसरलं, तर त्यावर एक थेंब नाही.

"पाणी जातंय, पण जमिनीवर येत नाही," ती म्हणाली. "मग जातंय कुठे?"

"उडून जात असेल," निरीक्षक म्हणाला. त्याला हे अर्थात पटत नव्हतं, पण तिनं भुवई उचलून 'खरंच?' असं बघावं म्हणून तो असली विधानं करू लागला होता.

इकडे त्याच्या थोरल्या बहिणीनं भंगारवाला ठरवला होता. "शनिवारी येतोय तो. गाडी देऊन टाक, बसनं फीर आणि लग्नाचं बघ," अशी तीन कामं तिनं एका दमात सांगितली होती. शनिवारपर्यंत दोष सापडला तर गाडी राहील, एवढी सवलत मिळाली होती.

निरीक्षकानं या प्रश्नाचा सर्व बाजूंनी विचार केला. गाडी भंगारात गेली की गॅरेजात जायचं कारण संपलं. गाडी दुरुस्त झाली तरी संपलं. म्हणजे ती मेली तरी पंचाईत, बरी झाली तरी पंचाईत. त्यातल्या त्यात तिचं आजारी राहणं सोयीचं होतं... आणि तेवढंच शनिवारनंतर शक्य नव्हतं.

शिवाय त्याची स्वतःची प्रकृती ठीक नव्हती. गाडीत बसलं की एक मंद, गोड वास येई. पूर्वीही येत असेल, पण आपल्याला नाक असल्याचा शोध त्याला त्या सोमवारीच लागला होता. ती एकदा हात घालून किल्ली फिरवून गेली, त्यानंतर तर तो वास दरवळतोय अशी त्याची खात्रीच झाली. वर समोरची काच आतून धुरकट होई. आपण फार उसासे टाकतो, असं त्यानं मनाशी कबूल केलं आणि श्वास मोजून घ्यायला सुरुवात केली.

*

शुक्रवारी दुपारी गॅरेजच्या मालकांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, खुर्चीतून न उठता निकाल दिला. "हेड गॅस्केट गेलंय. इंजिन खोलावं लागेल. एवढ्या म्हाताऱ्या गाडीचं इंजिन खोलू नये. द्या भंगारात."

"बाबा, ऑइलमध्ये पाणी नाही, मागून पांढरा धूर नाही. पुरावा काय?"

"माझे पिकलेले केस."

"त्यांत गॅस्केट दिसत नाही." ती निरीक्षकाकडे वळली. "चला, चढ चढून येऊ. तुम्ही चालवा, मी शेजारी बसते. हीटर लावा, सगळीकडे पाणी खेळू दे."

"शेजारी?" निरीक्षक दचकला.

"टपावर बसू का?"

त्याची अडचण खरी होती. शेजारच्या सीटवर तपासणीच्या फायली होत्या; पडू नयेत म्हणून त्यांना पट्टा लावलेला होता. सीटपुढे, पाय ठेवायच्या जागी, वजनांची लाकडी पेटी होती. गेली आठ वर्षं. त्यानं फायली मागे नेल्या. मग पेटी उचलताना तो कण्हला.

"जड आहे?"

"वाढलीये. मागच्या महिन्यात तीनशे चाळीस ग्रॅम जास्त भरली. मी काटा बिघडला असं लिहून काटा दुरुस्तीला पाठवला."

"मग?"

"परत आला. 'दोष नाही' असा शेरा मारून."

तिनं पेटीच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. आत बसली आणि तिनं पाय खाली टेकवले.

पचक!

दोघांनीही खाली पाहिलं. तिनं पाय उचलून पुन्हा टेकवला. पुन्हा तोच आवाज. पण ती उतरली नाही. "चालवा," एवढंच म्हणाली, आणि तिचा आवाज शिकारीला निघालेल्या मांजरासारखा मऊ झाला.

गाडी चढाला लागली. हीटरची ऊब आली, वास आला, डावीकडची काच हळूहळू धुरकट झाली. आणखी दोन वळणांनंतर तिनं थांबायला सांगितलं. खाली वाकून तिनं पायाखालचं जाजम उचकटलं. खाली हिरवट पाणी साचलं होतं. डॅशबोर्डच्या पोटातून आणखी एक थेंब सावकाश उतरला आणि त्यात पडला.

"हीटरचा छोटा रेडिएटर," ती म्हणाली. डोळे नुसते चमकत होते. "बाहेर कसं सांडणार? सगळं आतच सांडतंय आणि तुमची पेटी पितेय! काट्यात नाही, पेटीत दोष होता. इंजिन ठणठणीत आहे. हीटरचे दोन पाइप एकमेकांना जोडून टाकले की काम झालं... दहा मिनिटं."

"दहा?"

"रेडिएटरच्या पाण्याचा एवढा गोड वास येतोय, काच धुरकट होतेय, आणि दोन आठवडे तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत? मिलीलीटर तेवढे सांगितलेत!"

निरीक्षकानं स्टिअरिंग घट्ट धरलं. गाडी उभी होती, पण आधार लागतो.

"मला वाटलं... तो वास तुमचा आहे."

तिनं हातातलं जाजम सोडलं.

"आणि काच... मला वाटलं, मीच उसासे टाकतोय."

बाहेरून एक ट्रक घरघरत गेला. मग ती हळूच म्हणाली, "माझ्या अंगाला डिझेलचा वास येतो."

"तो मला अजून आला नाही. इतक्या जवळ पहिल्यांदाच बसलात."

तिनं खिडकीबाहेर तोंड फिरवलं. काच धुरकट असल्यामुळे बाहेर दिसण्यासारखं काही नव्हतं, तरी ती बराच वेळ पाहत राहिली. कानाची पाळी मात्र लाल झाली होती. "आठ वर्षांत इथे कोणी बसलंच नाही? एकदाही?"

"पेटी बसायची."

"कोणी बसलं असतं तर त्याच दिवशी कळलं असतं."

"मला ते आत्ता कळलं." निरीक्षकानं मोजून घेतलेला श्वास सोडून दिला. "उद्या भंगारवाल्याला परत पाठवीन. पण दहा मिनिटांनी गाडी बरी होणार. मग गॅरेजात यायला काही निमित्त उरणार नाही... आणि मला यायचंय. पेटी मागे राहील, फायली मागे राहतील. ही जागा तुमची. चढावर, उतारावर, आयुष्यभर. हीटर नसेल, थंडी वाजेल... तुम्हाला चालेल का?"

त्यानं आयुष्यात पहिल्यांदा एवढं सलग आणि एवढं बिनमापाचं बोलून टाकलं होतं.

तिनं खांद्यामागे हात नेऊन पट्टा ओढला. तो फायलींच्या मापाचा होता. तिनं तो सैल केला, स्वतःभोवती घेतला आणि खटकन लावला. मग तिचा ग्रीसनं माखलेला हात गिअरवरच्या त्याच्या हातावर आला आणि तिथेच राहिला.

"एक मागू?" ती अगदी हळू म्हणाली.

"काहीही," निरीक्षक म्हणाला. त्या क्षणी त्यानं सगळी प्रमाणित वजनंसुद्धा देऊन टाकली असती.

"तुमच्याकडची काच जरा खाली करा. या वासानं मळमळतंय मला... आणि माझ्याकडचं हँडल माझ्या हातात आलंय."