ओळख बाकी

घाटात फांदी आडवी पडली म्हणून बस थांबली. भुरभुर पाऊस होता. चिमणीचा हात घट्ट धरून मी खाली उतरले, तर एक माणूस त्या फांदीपाशी उकिडवा बसून सालीला चिकटलेलं एक रोप सोडवत होता… इतकं हळू, जणू त्याला दुखेल. माझी लेक हात सोडवून त्याच्यासमोर उभी राहिली.

“मला?”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मीही पाहिलं — जरा जास्तच.

डोंगरातल्या रानटी ऑर्किडच्या जाती ओळखायच्या, त्यांची वर्गवारी करायची, हे त्याचं काम. रोप त्यानं चिमणीला दिलं, नाव मात्र सांगेना. फुललं की कळेल म्हणाला, आणि ते बघायला येईन म्हणून पत्ता विचारून घेतला. कुंडीत खोचायला एक पट्टी लिहून दिली : ‘ओळख बाकी’.

मग तो दर रविवारी यायला लागला. खिडकीत वाकून पानं बघायचा, पानं बघता बघता चहा व्हायचा, चहा होता होता दिवे लागायचे. चिमणी त्याला झाडकाका म्हणायची. आई म्हणायची, कुंडीत कळी नाही, पण घरात कुणीतरी फुललंय. मी तिच्यावर डोळे वटारायची, पण जीव खालीवर व्हायचा. चिमणीचे बाबा आम्हाला सोडून गेले तेव्हा ती महिनाभर दाराकडे बघत जेवायची. तिला आणखी एकाची सवय लावू की नको?

“फुलाचं नेमकं काय बघता?” एकदा मी विचारलं.

“ओठ.” तो गडबडला. “म्हणजे… ऑर्किडच्या एका पाकळीला ओठ म्हणतात. ओळख त्यावरून पटते.”

“आणि ओठ उघडलेच नाहीत तर?”

“तर वाट बघायची.”

एका रविवारी मात्र तो एकटा आला नाही. बरोबर ऑफिसातली मैत्रीण होती — उंच, चिखलाचे बूट, गळ्यात भिंग. त्याला ‘पानवाल्या’ म्हणायची. पानवाल्या, छत्री धर. पानवाल्या, माझा रुमाल दे. आणि रुमाल खरंच त्याच्या खिशातून निघाला. दिवसदिवस डोंगरात दोघंच… एका डब्यातून जेवतही असतील. चहात साखर घालायची मी विसरले, ती नेमकी तिच्याच कपात. चिमणी तर तिच्या मांडीवर बसून भिंगातून स्वतःचा अंगठा बघत होती. फितूर कुठली.

“लाडाचं नाव दिसतंय,” मी शक्य तितकं सहज म्हटलं.

“लाडाचं कसलं? आम्ही सगळे फुलाची वाट बघतो, हा नुसतं पान बघून जात सांगतो. म्हणून पानवाला.” तिची नजर कुंडीकडे गेली. “ओळख बाकी? अरे, हे तर आपल्याकडे दर दुसऱ्या झाडावर…”

ती थांबली. त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि चिमणीला घेऊन अंगणातलं शेवाळ दाखवायला निघून गेली.

त्याचे कान लाल झाले होते.

“म्हणजे कधीपासून माहीत होतं?”

“घाटातच कळलं होतं.”

“मग इतके रविवार?”

“नाव सांगितलं असतं, तर परत कशाच्या निमित्तानं आलो असतो?”

मला राग यायला हवा होता. तोंडून निघालं भलतंच. “आणि तिचा रुमाल?”

“घसरलो होतो, गुडघ्याला बांधला होता.” मग तो हळूच हसला. “तिनं चहा बिनसाखरेचा प्यायला. मला खूण केली. तेव्हा जरा धीर आला.”

“कशाचा धीर?”

“तुम्हालाही… म्हणजे, मी एकटाच नाही, याचा.”

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिले. “चिमणीला सवय झालीय तुमची. नंतर यायचे थांबलात तर…”

“मला तुम्हा दोघींची झालीय,” तो म्हणाला. “थांबायचं असतं तर नाव सांगून मोकळा झालो असतो.”

त्यानं कुंडीतली पट्टी उपसली, पेन काढलं. मी त्याचा हात धरला.

“राहू दे. बाकीच आहे अजून.”

बाहेरून चिमणी ओरडली, “झाडकाका, उद्या पण येशील?”

उद्या सोमवार. त्यानं मला विचारलं नाही, नुसतं पाहिलं. मी मान हलवली आणि पुन्हा चहा टाकला.

या वेळी साखर सगळ्यांच्या कपात घातली.