झाकणात ठेवलेले बोल्ट

ही गोष्ट खरी आहे. पटली तर घ्या, नाही तर सोडून द्या.

जिच्यासोबत हे घडलं ती माझी सख्खी मावसबहीण. घरात सगळे तिला ठिणगी म्हणतात. थापा रचत बसण्याएवढा धीर तिच्या अंगात नाही. जे असेल ते तोंडावर.

आणि हो, रात्र वगैरे नव्हती. भर दुपार होती. सुट्टीचा दिवस. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं.

गॅरेज तिच्या वडिलांचं. त्यांना सगळे उस्ताद म्हणायचे. तिथेच, गाडीखाली काम करता करता गेले. त्यांच्या गळ्यात कायम एक चौकटीचा रुमाल असायचा. शेवटच्या दिवशी ठिणगीनेच तो त्यांच्या गळ्यात बांधला, दुहेरी गाठ मारून. तो त्यांच्याबरोबरच चितेवर गेला.

उस्तादांची शिकवायची एक रीत होती. शिकाऊ पोराच्या कामात ते गुपचूप खोट करून ठेवायचे. कुठे चिंधी कोंब, कुठे वायसर काढ. पोराने न बघता झाकलं, की चकार शब्द न काढता ते बोल्ट खोलायचे आणि ग्रीसच्या डब्याच्या झाकणात मांडून ठेवायचे. म्हणजे, पुन्हा बघ. काम जमलं तर पान्याने चासीवर, गाडीच्या सांगाड्यावर, दोनदा टकटक.

ठिणगीची परीक्षा मात्र त्यांनी कधी घेतली नाही. “मुलींचं काम नाही हे.” ती लहानपणी दारात बसून बघायची, एवढंच.

उस्ताद गेल्यावर गॅरेज तिने उघडं ठेवलं. लोक हसले. हसू दे.

त्या दिवशी गाडी तिच्या नवऱ्याचीच होती. टर्बो नवा बसवला होता. राहिला होता ऑइलचा रिटर्न पाइप. टर्बोतलं तापलेलं तेल याच पाइपातून खाली इंजिनात परत येतं. ही वाट तुंबली तर इंजिन स्वतःचंच तेल पिऊन पळत सुटतं, चावी काढली तरी थांबत नाही. आणि नवऱ्याला संध्याकाळी घाट उतरायचा होता.

“उस्तादांनी तुला पाना धरू दिला नाही, आणि मी अख्खी गाडी देतोय,” तो जांभई देत म्हणाला. “बघ, केवढा विश्वास!”

“पाना नाही दिला, पण डोळे बांधले नव्हते ना! जा, झोपा तुम्ही.”

तो आतल्या खोलीत लेकीशेजारी आडवा झाला.

ठिणगीने जुनं पॅकिंग खरवडलं. कचरा आत पडू नये म्हणून इंजिनच्या भोकात चिंधी कोंबली होती, ती आठवणीने काढून खिशात घातली. तेवढ्यात लेक रडली. ती धावली, थोपटलं, परत आली. पाइप लावला, बोल्ट आवळले. लेक पुन्हा कुरकुरली, ती पुन्हा आत गेली.

परत आली तर...

पाइप लोंबकळत होता.

बोल्ट झाकणात होते. ओळीने मांडलेले.

“अहो! चेष्टा सुचतेय का?”

आतून फक्त घोरणं ऐकू आलं.

तिने बोल्ट उचलले. गार होते. एवढ्या उन्हात बर्फासारखे गार. तिने पुन्हा लावले, दात-ओठ खाऊन आवळले आणि हात पुसायला वळली.

पंखा थांबला.

घोरणंही ऐकू येईना.

आणि पाठीमागे... पत्र्यावर लोखंड ठेवल्याचा आवाज.

टिक्.

टिक्.

ती वळली. झाकण भरलेलं होतं.

तिच्या अंगावर काटा आला. मग डोक्यात तिडीक गेली.

“बाबा?”

गाडीखालून... ग्रीसचा आणि विडीचा वास आला.

“अस्सं. जिवंतपणी दारातून आत येऊ दिलं नाहीत, आणि आता शिकवायला आलात होय?”

पण झाकणातले बोल्ट म्हणजे काय, हे तिला ठाऊक होतं. तिने पाइप बाजूला केला आणि भोकात बोट घातलं.

कापड लागलं.

तिने खिसा चाचपला. तिची चिंधी खिशातच होती.

तिने आतलं टोक धरून ओढलं. कापड येत राहिलं... येतच राहिलं. काळं, तेलात भिजलेलं.

चौकटीचं.

शेवटी गाठ आली. दुहेरी. तिने स्वतः मारलेली.

ती गाठ तिने बोटांनी चाचपून बघितली. आत लेक झोपेत खुदकन हसली. त्या आवाजाने ती सावरली.

“नीट ऐका,” ती गाडीखालच्या अंधाराला म्हणाली. “या गाडीत माझ्या पोरीचा बाप बसणार आहे. तुम्हाला परीक्षा घ्यायची हौस होती, तर मी दारात बसायचे तेव्हा घ्यायची होती. माझ्या माणसाच्या जिवावर नाही!”

रुमाल तिने शटरबाहेर भिरकावला. भोक विजेरीने बघितलं, बोटाने बघितलं. नवं पॅकिंग, पाइप, बोल्ट. मग ती तिथेच फतकल मारून बसली, पाइपावर हात ठेवून.

“आता खोला. बघतेच.”

काहीही हललं नाही.

“आणि टकटकीची वाट मी बघणार नाही.”

तिने आपल्याच पान्याने चासीवर दोनदा वाजवलं. टक टक.

पंखा सुरू झाला. नवरा पुन्हा घोरू लागला.

संध्याकाळी गाडी गेली, घाट उतरली, सुखरूप परतली. तेलाचा एक थेंब गळाला नाही. रुमाल मात्र रस्त्यावर सापडला नाही. चासीवर जिथे तिने पाना मारला, तिथे दोन ओरखडे असायला हवे होते.

चार आहेत.

मी तिला म्हटलं, “विकून टाक ते गॅरेज.”

“का? घाबरायचं त्यांनी,” ती म्हणाली.

पण एक गोष्ट तिने मला हळू आवाजात सांगितली. आता ती काहीही झाकण्याआधी भोकात बोट घालून बघते. बहुतेक वेळा आत काही नसतं.

कधी कधी... आतून एक बोट लागतं. गार, तेलकट, खरखरीत.

“मग तू काय करतेस गं?”

“काय करणार? म्हणते, बाबा, हात काढा. बोल्ट आवळायचेत.”