बिघाड नसताना

"हॅलो, पंप बंद पडलाय," मी म्हणाले.

"कुणाचा?" पलीकडून एका पुरुषाचा आवाज आला.

"माझा."

तो हसला. मला राग आला. २००४ चा फेब्रुवारी, वणी रस्त्यावरच्या वायनरीत मी नवी केमिस्ट. दारात द्राक्षांचे ट्रॅक्टर उभे, हौदात चुरलेली द्राक्षं, आणि तो रस टाकीत चढवणारा डायफ्राम पंप हटून बसलेला. तसाच पडून राहिला तर रस बिघडणार होता, आणि हा हसत होता.

"बंद पडलाय, की चालतोय पण ओढत नाही?"

"चालतोय... पण ओढत नाही."

"मग बंद कुठे पडलाय, मॅडम? रिसीव्हर जरा त्याच्याजवळ धरा."

फोनचं एक्स्टेंशन पंपाशेजारच्या खांबावरच होतं. मी रिसीव्हर पंपासमोर धरून उभी राहिले. टाक्या धुणाऱ्या फुलाबाई हातातला ब्रश थांबवून माझ्याकडे बघत राहिल्या.

या पंपाला मोटर नसते. दाबाची हवा रबराचे दोन पडदे आळीपाळीने ढकलते. एक पडदा रस ओढतो, तेव्हा दुसरा वर चढवतो. धप्-धप्, धप्-धप्.

"लंगडतोय," तो म्हणाला. "एका बाजूच्या झडपेचा बॉल नीट बसत नाहीये. खाली द्राक्षाची बी अडकली असेल. आधी हवा बंद करा, दाब जाऊ द्या, मगच क्लॅम्प उघडा."

उघडलं. पुन्हा फोन केला. "बी नव्हती. देठ होता."

"चला, माझा एक मार्क कापा."

पंप पुरवणाऱ्या अंबडच्या एजन्सीशी आमचं देखभालीचं वर्षाचं कंत्राट होतं, त्यामुळे फोनवरचा तो माणूस, धनराज, दर महिन्याला यायचा. उंच, जरा वाकून चालणारा, खांद्याला टूलबॅग. मूळचा सटाण्याचा. माझ्याशी अगदी छापील मराठीत बोलायचा, पंपाशी मात्र अहिराणीत. कान लावून विचारायचा, "काय व्हयनं रे भाऊ तुले?"

"माझ्याशी नाही बोलत तुम्ही अहिराणी," मी एकदा म्हटलं.

"ती घरची भाषा आहे, मॅडम. घरच्यांशीच निघते."

"आणि पंप घरचा?"

"सगळं ऐकून घेतो ना माझं."

मीही ऐकून घेत होते, पण ते त्याच्या लक्षात आलं नसावं. हवा बाहेर सोडणाऱ्या सायलेन्सरमधून रस उडायला लागला, की समजायचं पडदा फाटला. पंप अडखळत चालला, तर सायलेन्सरमध्ये बर्फ धरला असेल, हवेतलं पाणी काढा. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. मी सगळं शिकत गेले.

एकदा त्याने काढलेला पडदा माझ्यापुढे धरला. "कडेला बारीक चीर आहे. डोळ्यांना दिसत नाही, बोटाला कळते." त्याने माझं बोट धरलं आणि रबरावरून हळूच फिरवलं.

"सापडली?"

"नाही..." मी म्हणाले.

सापडली होती.

"पंप बिघडला का आमची तोंडं पडत्यात," त्या दिवशी फुलाबाई म्हणाल्या, "अन् तुमचं तेवढं खुलतं. लय गंमत हाय बाई."

पुढच्या हंगामात दोन्ही पडदे मी एकटीने बदलले. पंप सुरू झाला, वायनरीचे शेठ खूश झाले. "धनराजना बोलावलं नाहीस?"

"गरजच नाही पडली. मला सगळं येतं आता," मी तोऱ्यात म्हणाले.

"मग ते कंत्राट कशाला ठेवायचं?" शेठ म्हणाले, आणि एजन्सीला तसं कळवूनही टाकलं.

आपल्याच पायावर धोंडा कसा पाडून घ्यावा, ते माझ्याकडून शिकावं.

धनराज शेवटचा आला, तेव्हा सुट्या भागांची एक पिशवी माझ्यासाठी घेऊन आला. "एवढं राहू द्या जवळ. म्हणजे... आता माझी गरज नाही तुम्हाला."

"नाही," मी म्हणाले. डोक्यात पंप होता. त्याने मान हलवली, स्कूटरला किक मारली आणि निघून गेला. मग मला कळलं, मी काय बोलून बसले होते.

त्यानंतर पंप असा चालायला लागला, की त्याचाच राग यावा. मला करमेना. जेवणाचा डबा उघडायचे आणि तसाच बंद करायचे. एक दिवस पाना घेतला आणि ओढीच्या बाजूचा क्लॅम्प धरला. थोडा सैल केला असता, तर हवा खाऊन पंप फुकाचा धडधडला असता आणि धनराजला बोलवावं लागलं असतं. पण दारात लोकांच्या वर्षभराच्या मेहनतीची द्राक्षं उभी होती, आणि पंपाने माझं काय वाकडं केलं होतं? मी पाना जागेवर ठेवला आणि फोन उचलला.

"धनराज आहेत?"

"बोलतोय."

काय बोलायचं ते ठरवलंच नव्हतं. मी रिसीव्हर पंपासमोर धरला. धप्-धप्, धप्-धप्. बराच वेळ. मग पुन्हा कानाला लावला.

"ठणठणीत आहे की," तो म्हणाला.

"हो."

"मग?"

"तुम्ही सगळं शिकवलंत. बिघाड नसताना तुम्हाला कसं बोलवायचं, तेवढं राहिलं."

पलीकडे कुणीतरी लोखंड घासत होतं. ते थांबलं.

"त्या दिवशी मी 'नाही' म्हणाले ना, ते पंपाचं होतं," मी म्हणाले. आता मागे फिरणार नव्हते. "मला गरज आहे, धनराज. तुम्ही आला नाहीत तर मला इथे करमत नाही."

पलीकडे दार ओढून घेतल्याचा आवाज आला.

"माले बी करमत नही, तृप्ती," तो म्हणाला.

मी रिसीव्हर ठेवला, तरी हात खांबावरच होता. फुलाबाई मुद्दाम पाठ करून टाकी घासत होत्या, हे त्यांचे उपकार.

संध्याकाळी फाटकाशी स्कूटर थांबली. धनराज उतरला तो टूलबॅगशिवाय. हात कधी खिशात, कधी पाठीमागे, कुठे ठेवावेत ते त्याला सुचेना.

"पंप तर चालू हाय," फुलाबाई म्हणाल्या. "मग ह्ये कशापायी आले?"

तो माझ्याकडे बघून हसला, पहिल्या फोनवर हसला होता तसाच. या वेळी मला राग आला नाही. मी माझ्या डब्याची पिशवी त्याच्या हातात दिली.